पाळकसाहेब, मोठ्यानं वाचा

निशी-कसाई, तोक्यो
८ ऑक्टोबर

कस्तुरे,

प्रभूच्या नावात तुला सलाम. तू घेणार नसलीस तरी मी पाठवलाय, परत पाठवायला तुला टपालकचेरीपर्यंत चालावं लागेल.

फोन बंद करून पिठाच्या डब्यात ठेवलास, हे मला पाळकसाहेबांच्या राधिकाबाईंनी सांगितलं. म्हणून पत्र. पत्र तुला डब्यात घालता येणार नाही, कारण ते तुझ्या आधी पाळकसाहेबांच्या हातात पडणार. तुला वाचता येत नाही, मला लिहिता येत नाही. इकडं मी बोलते आणि सून लिहिते. तिकडं पाळकसाहेब वाचतील आणि तू ऐकशील. गावात पोरं शिकली म्हणतात, पण त्यांना मोबाइलवरचं वाचता येतं. हाताचं अक्षर दिसलं की घेरी येते. तेव्हा आपल्या दोघींच्या भांडणात दोन शिकलेली माणसं मधे उभी आहेत. राहू देत. त्यांनाही जरा कळू दे.

पाळकसाहेब, तुम्हालाही सलाम. मोठ्यानं वाचा, तिला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. मधलं काही गाळू नका. तिनं कुठल्या गोष्टीवर मला शिवी दिली नाही, त्यावरून तुम्ही काय गाळलंत ते मला कळेल.

कल्पना लिहायची थांबली. म्हणते, आई, पाळकांना असं लिहू नये. मी म्हटलं, पाळकांना कोण लिहितंय, मी माझ्या सवतीला लिहितेय. लिही तू.

तर कस्तुरे. सुगीच्या सणाला तू सगळ्या मंडळीपुढं उभी राहणार आणि म्हणणार की विनायकरावांबरोबर मी राहिले ते लग्न नव्हतं, ते पाप होतं, मला क्षमा असावी. मग तुला प्रभुभोजन, देवळातला तो पावाचा तुकडा, मिळणार. हे तू पाळकसाहेबांपाशी कबूल केलंस. मी फोनवर म्हटलं, तोंडातून असं काढू नकोस. तू म्हणालीस, “तू बस तिकडं जपानात, तुझ्या बुडाखाली गरम होणारी खुर्ची आहे, तुला काय.” आणि फोन ठेवलास. ती खुर्ची संडासातली आहे, बाई. बसून बसून तिथं किती बसणार.

पाळकसाहेब गावात नवीन आहेत, तेव्हा त्यांना सुरुवातीपासून सांगायला हवं. तू ऐकलेलंच आहेस, तवर तूर निवड.

साहेब, मी भागूबाई, थोरली. माझं लग्न झालं आणि पोट काही पिकलं नाही. सासूनं वाट बघितली, मग वाट बघायचं सोडून सून बघितली. तेव्हा आम्ही ख्रिस्ती नव्हतो. धाकटीला आणताना मला कुणी विचारलं नाही. धाकटीलाही विचारलं नाही. नवऱ्याला विचारलं होतं, तो म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं. ह्या बाबतीत पुरुष फार आज्ञाधारक असतात. नवी सून उंबऱ्यावर आली की थोरलीनं भाकरतुकडा ओवाळायचा, असा रिवाज. मी ओवाळला. कस्तुरा खाली मान घालून उभी होती, मीही खालीच बघत होते, कारण तिच्या पायातली जोडवी माझी होती. सासूनं सकाळीच उतरवून घेतली होती. रात्री ह्या पोरीनं ती काढली आणि माझ्या उशाशी ठेवली.  मी म्हटलं, ठेव तुझ्याकडं, मला करकचतात. तेव्हापासून आमचं भांडण चालू आहे.

पुढं आम्ही देवाकडं आलो. त्या वेळचे म्हातारे पाळक म्हणाले, विनायका, बायका दोन चालणार नाहीत, धाकटीला माहेरी धाड. धाकटीच्या कडेवर प्रल्हाद होता. विनायकराव माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, “साहेब, आणली तेव्हा आम्हाला विचारलं नाही. काढताना तरी विचारा.” ती जाणार नाही, आणि ती गेली तर मीही जाईन, मग विनायकरावांना तुम्हीच भाकरी थापून घाला. म्हातारा बरा होता. हसला. महिनाभर मंडळीत खल झाला आणि तोड निघाली: धाकटीनं परसातल्या खोलीत वेगळं राहायचं. बाप्तिस्मा तिघांना, प्रभुभोजन दोघांना. पावाच्या तुकड्यांचं तबक तिच्यापुढून जाईल, तिनं पुढं सरकवायचं. ती आजवर सरकवत आली.

साहेब, ह्यात पाप कुणाचं, हे तुम्ही शिकलेले आहात, शोधा. पण ती एकटी उभी का राहणार? ज्यानं दोन केल्या तो गेला. जिनं आणलं ती गेली. जे वरातीत नाचले ते अजून पहिल्या बाकावर बसतात.

आणि कस्तुरे, लग्न नव्हतं म्हणालीस तर प्रल्हाद कोण? त्याला जन्म तू दिलास, त्याचं नाक मी पुसलं. आज तो तोयोसूच्या उंच इमारतीत बसतो, जपानी लोक त्याला प्रल्हाद-सान म्हणून वाकतात. त्याला विचारलं, तुझं काय मत? तो म्हणाला, “धाकट्या आईला शांततेत राहू दे ना, एक वाक्य तर म्हणायचंय.” मी म्हटलं, त्या वाक्यात तू आहेस, बाळा. 

इथं कचऱ्यालाही वार नेमून दिलाय. जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्या वेगळ्या. चुकलं तर पिशवीवर चिठ्ठी चिकटवून तिथंच ठेवतात, सगळ्या गल्लीला दिसेल अशी. तुमच्या पाळकसाहेबांना हे गाव आवडेल.

तुझी आक्का,
भागू


निशी-कसाई
२१ ऑक्टोबर

कस्तुरे,

सलाम. उत्तर नाही म्हणजे रागावलेली आहेस. म्हणजे ऐकलंस. पाळकसाहेब, तुमचे आभार.

आज तुला एका बाईची गोष्ट सांगायची आहे, आणि तिच्या आडून आपली. ती सांगितली की तू माझ्याशी जन्मभर बोलणार नाहीस. पण तशीही बोलत नाहीस, तेव्हा माझं काय जातंय.

इथं आल्यापासून मी देवळात गेलेच नव्हते. मला इथं आणलं ते प्रल्हादाच्या लहान्या ओवीला सांभाळायला. सरकारला कागदावर आई एकच चालते, आणि कागदावर आई मी. म्हणून विमानात मी बसले आणि तू गावी भिंतीला टेकून राहिलीस. रविवारी प्रल्हादाला झोप असते, ओवीला नाच असतो. तर काल कल्पना म्हणाली, चला आई, स्टेशनामागं इंग्रजीतून उपासना असते. दुसऱ्या मजल्यावर भाड्याचा हॉल. घडीच्या खुर्च्या. फिलिपिन्सचे लोक, केरळचे, दोन जपानी म्हाताऱ्या, आणि माझ्या शेजारी एक आफ्रिकेतली बाई. भरदार, डोक्याला पिवळं फडकं असं बांधलेलं की मागच्याला पाळक दिसू नये. नाव आकोसुआ. त्यांच्या देशात, घानात, पोर कुठल्या वारी झालं त्यावरून नाव ठेवतात. ही रविवारची. मी म्हटलं, आमच्याकडं असतं तर मी बाजारचा वार झाले असते.

प्रभुभोजन आलं. इथं पाव नसतो, पापडासारखी पातळ चकती असते. माझ्या हातात चकती आली, आणि कस्तुरे, माझा हात पदराखाली गेला. टक् असा आवाज झाला. मला कळायच्या आत अर्धी चकती मी त्या बाईच्या मुठीत कोंबली होती.

पाळकसाहेब, आता खुर्चीत नीट बसा. थांबू नका, वाचा.

त्या म्हाताऱ्या पाळकांनी बाप्तिस्मा तिघांना आणि प्रभुभोजन दोघांना दिलं, त्याच्या पहिल्याच रविवारी मी माझा तुकडा पदराखाली मोडला आणि अर्धा धाकटीच्या हातात दिला. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. खोकल्यासारखं करून तोंडात टाकला. त्यानंतर दर वेळी. चार पाळक आले नि गेले, नाताळ झाले, विनायकराव गेले, त्या दुःखातही मोडला. विनायकरावांना कधी कळलं नाही, त्यांना शेजारच्या बाकावरचं तर काय ताटातलंही दिसत नसे. चोरी म्हणाल तर म्हणा. माझ्या वाट्याचं मी दिलं. जे मला देताना तुम्ही मोजलं नाही, ते मी वाटताना कसं मोजता?

कल्पनानं पेन खाली ठेवलंय. म्हणते, आई, हे खरंय? मी म्हटलं, आणि तू मला भोळी समजत होतीस. लिही.

तर त्या आकोसुआच्या हातात तिची स्वतःची चकती होतीच. माझी अर्धी मिळून तिची दीड झाली. उपासना होईपर्यंत ती खांदे हलवत गप्प हसत होती. मग खाली उतरल्यावर तिनं कल्पनाला इंग्रजीत विचारलं, तुझ्या सासूनं हे कुणासाठी मोडलं? माणूस चुकून खोकतं, चुकून शिंकतं, चुकून कुणी चकती मोडत नाही.

आम्ही कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातून डब्यातला गरम चहा घेतला आणि बाकावर बसलो. मी सांगितलं, कल्पनानं इंग्रजीत घातलं. त्या बाईचं हसू गेलं. ती म्हणाली, माझी आई तीनातली दुसरी.

कल्पनाला वाईट वाटलं. ती तोंड बारीक करून म्हणाली, हो, तुमच्याकडं आफ्रिकेत असं असतं, नाही का. मी तिला कोपर मारलं. म्हटलं, “कल्पना, तुझ्या नवऱ्याला दोन आया आहेत. हे पण इंग्रजीत सांग.” तिनं सांगितलं. आकोसुआ इतकी हसली की चहा सांडला.

तिची गोष्ट अशी. बापाचे कोकोचे मळे. तीन बायका, तीन चुली, पाळीपाळीनं स्वयंपाक. गोड होतं असं नाही, ती म्हणाली. माझी आई आपली स्वयंपाकाची पाळी संपली की खोलीत जाऊन उशीला बोलायची. मीही तिला सांगितलं की आमचंही गोड नव्हतं. कस्तुरे, विनायकराव परसातल्या खोलीकडं निघाले की मी भांडी जोरानं घासायची, हे तुला ठाऊक आहे. भांडी कधी इतकी स्वच्छ नव्हती. मग त्यांच्याकडंही देवाचे लोक आले. बापाला म्हणाले, एक ठेव. त्यानं सगळ्यांत लहान ठेवली. ह्या बाबतीतही पुरुष फार आज्ञाधारक. आकोसुआची आई पोरं घेऊन भावाकडं गेली. त्यांच्यात कूळ आईकडून चालतं, पोरं आईच्या वंशाची, तेव्हा भावानं दार उघडलं. माशांना धुरी देऊन विकून तिनं पाच पोरं वाढवली. आणि रविवारी ती त्याच देवळाकडं जायची. आत तिला जागा नव्हती, कारण ती एकाची टाकलेली होती आणि दुसऱ्याची झालेली नव्हती. त्यांच्यात बाईचा स्वतःचा लाकडी पाट असतो, दुसऱ्याच्या पाटावर बसत नाहीत. तो डोक्यावर घेऊन ती जायची, खिडकीखाली टेकवायची, आतलं सगळं म्हणायची. तिचा आवाज आतल्या सगळ्यांपेक्षा मोठा होता, लोक तिच्या तालावर गायचे. ती वारली तेव्हा देवळाची घंटा वाजवली नाही.

मी विचारलं, ती आत जायला कधी काही बोलली नाही? एखादं वाक्य? आकोसुआ म्हणाली, सांगितलं होतं तिला. फक्त म्हण, मी कधी बायको नव्हते. आई म्हणाली, मी खोटं बोलून देवाच्या घरात शिरले तर आत गेल्यावर काय करू?

कस्तुरे, हे मी तिच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला तुझं कळलं. मला वाटत होतं, तू भ्यालीस. पण मी इकडं येऊन दोन वर्षं झाली, तुझ्या शेजारी तुकडा मोडायला कुणी नाही. दोन वर्षं तबक तुझ्यापुढून खरंच निघून गेलं. म्हणून तू वाकायला तयार झालीस. भूक लागली तुला. मेलीनं तोंडानं सांगावं की नाही.

तर ऐक. भुकेसाठी खोटं बोलू नकोस. सुगीला तबक जाऊ दे. डिसेंबरात ओवीच्या शाळेला सुट्टी आहे, मी गावी येतेय. माझ्यातला अर्धा तुझा आहे तो आहेच. आता पाळकसाहेबांना कळलंय, तेव्हा पदराखाली नाही, पदराबाहेर मोडीन. त्यांनी मला काढलं तर दोघी खिडकीखाली बसू. तुझा आवाज फाटका आहे, पण माझा बरा आहे.

तुझी आक्का,
भागू


निशी-कसाई
१२ नोव्हेंबर

कस्तुरे,

सलाम. राधिकाबाईंनी सगळं फोनवर दाखवून, ओरडून, रडून सांगितलं. पण मला ते लिहून हवंय. कल्पनाला म्हटलं, जसं झालं तसं लिही, हे ओवीला मोठेपणी वाचता यायला हवं. तिला मराठी कमी आणि जपानी जास्त येतं, तरी वाचेल. आज पाळकसाहेब, तुम्ही जरा चहा घ्या. तुम्हाला ठाऊक असलेलंच वाचायचं आहे.

आधी तुमच्याबद्दल. राधिकाबाई म्हणाल्या, मागलं पत्र तुम्ही ओसरीवर वाचलंत, सगळ्या बायका बसलेल्या असताना. “चोरी म्हणाल तर म्हणा”, इथं आलात आणि थांबलात. पाणी प्यालात. मग पुढं वाचलंत, आणि गाळलं नाहीत. माणूस आत आहे तुमच्यात, मी कल्पनाला म्हटलं. झाकलेला आहे, पण आहे.

मग सुगीचा रविवार. देवळात ज्वारीची कणसं, भोपळे, कुणाची कोंबडी. पाळकसाहेबांनी तुझं नाव घेतलं. तू उठलीस. अंगावर ती हिरवी साडी, जी मी जाताना तुला देणार नव्हते आणि तू घेतलीस.  तू म्हणालीस,

“मला पुष्कळ गोष्टींची क्षमा मागायची सवय आहे. आक्काच्या कोंबड्या मी एकदा विकल्या, त्याची मागते. लग्नाची मागणार नाही. माझं लग्न ह्याच गावात लागलं. लोक जेवले. त्यातले तीन जण आत्ता पुढं बसलेत, बुंदी परत मागून घेतली होती त्यांनी. लग्न नव्हतं तर ती बुंदी कसली होती, हे आधी त्यांनी सांगावं.”

राधिकाबाई म्हणतात, पहिल्या बाकावर एकाला ठसका लागला. कोण ते मला नाव न सांगता कळलं.

आणि तू खाली बसलीस. पाळकसाहेब उभे राहिले तसे राहिले. मग त्यांनी तबक फिरवायला दिलं. तुझ्यापुढं आलं, तू पुढं सरकवलंस, रोजच्यासारखं. इथवर ऐकलं तेव्हा मी म्हटलं, बरं झालं, माझंच ऐकलं तिनं. मला जरा फुगायला झालं. कल्पनाकडं बघितलं, तीही बघत होती.

पण राधिकाबाई पुढं सांगायला लागल्या. तुझ्या शेजारी त्या होत्या. माझ्या जागेवर. पाळकाची बायको, नवरा समोर उभा, आणि त्यांनी आपला तुकडा मोडला. पदराखाली नाही. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत अर्धा तुझ्यापुढं धरला.

आणि तू घेतला नाहीस.

त्यांनी हात तसाच ठेवला. तू त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतलास, मूठ मिटवलीस, आणि म्हणालीस, “नको, बाई. तुमचं मन मोठं आहे. पण अर्ध्यावर माझी भूक आता भागत नाही. अर्धा नवरा झाला, अर्धं घर झालं, लेकरूही अर्धं झालं. अख्खा द्यायचा असेल तर द्या, नाहीतर देव आणि मी बघून घेऊ.”

  

कस्तुरे, खरं सांगू? आधी मला लागलं. इतकी वर्षं मी मोडून दिला तो अर्धा होता, हे मला कधी सुचलं नाही. मी त्याला पुष्कळ म्हणत होते. आकोसुआला रविवारी सांगितलं, तर ती मांडीवर थाप मारून म्हणाली, ही बाई माझ्या आईची बहीण आहे. कल्पना म्हणाली, आई, तुम्हाला राग आला का? मी म्हटलं, राग कसला, ही मी वाढवलेली आहे. वाढवली म्हणजे काय, ती माझ्याशी भांडून वाढलीय. भांडणारं माणूस चांगलं भेटलं तर आपणही बारीक होत नाही.

प्रल्हादालाही सांगितलं. बूट काढता काढता ऐकत होता, एक पायात आणि एक हातात. मग म्हणाला, “धाकट्या आईनं असं म्हटलं? सगळ्यांपुढं?” मी म्हटलं, सगळ्यांपुढं, आणि तुझंही नाव घेतलं, अर्धं लेकरू म्हणून. तो तसाच पायरीवर बसला. मग त्यानं साहेबाला फोन करून डिसेंबरची रजा टाकली. जपानीत बराच वाकून वाकून बोलला, फोनवर कुणी बघत नसताना. मला तेवढं एक कळलं, की त्यानं दोन बोटं वर केली होती. कल्पना म्हणाली, तो सांगतोय, गावी माझ्या दोन आया आहेत.

पाळकसाहेब, आता तुमच्याकडं. मंडळीची बैठक आहे म्हणे. घ्या. कस्तुरेला क्षमा करायची की नाही हे ठरवायच्या आधी एवढं ठरवा, की विनायकरावांना तुम्ही कधी उभं केलं होतं का. ते शेजारच्या बाकावर बसून प्रभुभोजन घेत घेत म्हातारे झाले, आणि घंटा वाजवून गेले. मी त्यांच्यावर रागावलेली नाही. बरा माणूस होता, आणि एकाच वेळी दोन बायकांना घाबरायचा. मी फक्त तबक कुठल्या बाजूनं फिरतं ते विचारतेय.

आणि कस्तुरे, काल तू फोन पिठातून काढलास. मी हॅलो म्हणायच्या आत म्हणालीस, “आक्का, तुला काय वाटलं, ताठ मान तुला एकटीलाच दिलीय?” मी पदरानं नाक पुसलं. थंडी पडायला लागलीय इथं.

डिसेंबरात आम्ही येतोय. मी तुझ्या शेजारी बसेन. तुला अख्खा मिळेस्तोवर मीही घेणार नाही. उपकार समजू नकोस. एकटीनं अख्खा खायची मला सवय राहिलेली नाही.

तुझी आक्का,
भागू